नाबाद छत्तीस

१३ ऑगस्ट २०१६ च्या रात्री बीबीसीच्या स्टुडिओत एक पंचावन्न वर्षांचा गृहस्थ नुसत्या आखूड पांढऱ्या चड्डीवर येऊन बसला आणि त्याने त्या आठवड्याच्या फुटबॉल सामन्यांचा कार्यक्रम सुरू केला. कुणी त्याला हाकललं नाही. उलट लोक तेवढ्यासाठीच टीव्हीसमोर बसले होते. गृहस्थाचं नाव गॅरी लिनेकर. आदल्या डिसेंबरात त्याने जाहीर करून टाकलं होतं, की आमच्या लेस्टरने लीग जिंकली तर नव्या मोसमाचा पहिला कार्यक्रम मी चड्डीवर करीन. लेस्टर काही जिंकत नाही याची त्याला खात्री होती. सट्टेवाल्यांनाही होती, मोसमाच्या सुरुवातीला ते लेस्टरला पाच हजारास एक असा भाव देत होते. आणि लेस्टर जिंकलं.

त्या प्रसंगातल्या चड्डीचं मला विशेष वाटलं नाही. मे महिन्यात रात्री नऊनंतर अकोल्याच्या कुठल्याही गल्लीत चक्कर मारा. बनियन आणि पट्ट्यापट्ट्याच्या चड्डीवर ओट्यावर बसून खेळ, राजकारण आणि शेजाऱ्याची सून या तिन्ही विषयांवर अधिकाराने बोलणारे सज्जन घरटी एक सापडतील. दिवसभर पंचेचाळीस-सेहेचाळीस डिग्री सोसल्यावर माणसाने अंगात सदरा घालून बोलावं अशी अपेक्षा कुणी करतही नाही. फरक इतकाच, की लिनेकर बीबीसीत सगळ्यात जास्त पगार घेणाऱ्यांपैकी होता आणि आमच्या सज्जनांना चहासुद्धा घरून मागवावा लागतो, तोही दुसऱ्यांदा मागवला तर आतून भांडी आपटल्याचा आवाज येतो.

नुसत्या बोलण्याचे एवढे पैसे का मिळावेत, हा प्रश्न आमच्या ओट्यावर बरेच दिवस चर्चेला होता. उत्तर सोपं आहे. लिनेकर आधी खेळला होता.

आणि बरा खेळला होता. लेस्टरच्या बाजारात बापाचं फळं-भाज्यांचं दुकान. पोरगं तिथल्याच क्लबात लागलं, मग एव्हर्टन, मग थेट बार्सिलोना, मग टॉटनहॅम, आणि शेवटी जपानातलं नागोया. १९८६ च्या मेक्सिको विश्वचषकात सहा गोल, स्पर्धेत सर्वांत जास्त. शिवाय इतक्या वर्षांत पंचाने त्याला एकदाही पिवळं कार्ड दाखवलं नाही, लाल तर नाहीच. आमच्याकडे पिवळ्या कार्डासाठी लोक वर्षानुवर्षं तहसीलच्या चकरा मारतात, त्यामुळे कार्ड न मिळणं हा कुणाचा मोठेपणा कसा असू शकतो हे ओट्यावरच्या एका काकांना शेवटपर्यंत पटलं नाही.

१९८६ चा तो विश्वचषक आम्ही शेजाऱ्यांच्या घरी जाऊन पाहिला. इंग्लंड-अर्जेंटिना सामना मेक्सिकोत भरदुपारी होता, म्हणजे आपल्याकडे रात्रीचे साडेअकरा. जून होता, पेरणीचे दिवस, पाऊस कधी येतो याकडे घरातल्या मोठ्यांचे डोळे लागलेले आणि आमचे त्या खोक्याकडे. आम्ही सगळे मॅराडोनाचे. त्याने हाताने गोल केला तरी त्याचे आणि पाच-सहा जणांना गुंगारा देऊन केला तरी त्याचेच. त्या रात्री इंग्लंडचा एकमेव गोल ज्याने केला तो लिनेकर होता, ही गोष्ट आमच्यापैकी कुणाच्या लक्षातही राहिली नाही. हरणाऱ्या बाजूचा गोल कोण लक्षात ठेवतो?

त्याचा न झालेला एक गोल मात्र लोकांच्या लक्षात राहिला. इंग्लंडसाठी सर्वाधिक गोलांचा विक्रम तेव्हा बॉबी चार्ल्टनच्या नावावर होता, एकोणपन्नास. लिनेकर अठ्ठेचाळीसवर पोचला. १९९२ मध्ये ब्राझीलविरुद्ध पेनल्टी मिळाली. समोर एकटा गोलकीपर. लिनेकरने हुशारी केली, चेंडू अलगद उचलायला गेला आणि तो गोलकीपरने सहज धरावा असा त्याच्या हाती गेला. पुढे काही आठवड्यांनी स्वीडनविरुद्धच्या शेवटच्या सामन्यात प्रशिक्षकाने त्याला मध्येच बाहेर बोलावून घेतलं. अठ्ठेचाळीस ते अठ्ठेचाळीसच राहिले.

मला तर असं वाटतं, की लिनेकरला ती बीबीसीची खुर्ची मिळाली ती त्या सहा गोलांमुळे, पण शोभली ती या न झालेल्या एका गोलामुळे. १९९९ पासून २०२५ पर्यंत तो तिथे बसला. रोज कुणीतरी पेनल्टी हुकवणार आणि याने त्यावर बोलायचं. ज्याने स्वतः कधीच हुकवली नाही असा माणूस तिथे बसवला असता तर दोन मोसमांत लोकांनी टीव्ही फोडले असते.

अर्थात समालोचकाशिवाय काही अडतं असंही नाही. मार्च २०२३ मध्ये लिनेकरने सरकारच्या निर्वासितांबद्दलच्या धोरणावर समाजमाध्यमात काहीतरी लिहिलं, बीबीसीने त्याला कार्यक्रमातून बाजूला केलं, तर त्याचे सहकारी म्हणाले, मग आम्हीही येत नाही. शेवटी कार्यक्रम झाला तो वीस मिनिटांचा. ना निवेदक, ना तज्ज्ञ, ना समालोचन. नुसते सामने आणि प्रेक्षकांचा गलका. आणि तो पाहणारे लोक आदल्या आठवड्यापेक्षा सुमारे पाच लाखांनी जास्त निघाले. ही बातमी मी घरात मोठ्याने वाचून दाखवली ही चूकच झाली म्हणायची, कारण तेव्हापासून मॅच सुरू असताना मी काही बोलायला लागलो की बायको फक्त "पाच लाख" एवढंच म्हणते.

आता आपल्याकडचा लिनेकर शोधायचा तर फुटबॉलमध्ये कुठे शोधणार? वऱ्हाडात फुटबॉल उगवतो तो पावसाळ्यात, मातीला ओल आली की. आणि आमची माती काळी, कपाशीची. ओली झाली की पाय धरते आणि सोडत नाही. पोट्टं चेंडूला लाथ मारतं, चेंडू जागेवर राहतो आणि चप्पल गोलात जाते. या मातीतून गोल करणारे होऊन गेले असतील, पण त्यांचं बोलणं ऐकायला कुणी माइक घेऊन आलं नाही. म्हणून मग महाराष्ट्रातला माणूस या विषयावर बोलू लागला की दोन वाक्यांत सुनील गावसकरपाशी येतो. मीही आलो.

गावसकरच्या धावांचा हिशोब इथे मांडायची गरज नाही. एकशेपंचवीस कसोट्या, दहा हजार एकशे बावीस धावा, चौतीस शतकं. वऱ्हाडात ज्यांना स्वतःच्या सातबाऱ्यावरचा गट नंबर आठवत नाही त्यांनाही हे आकडे पाठ असायचे. पण माझ्या पिढीतल्या अकोला-अमरावतीच्या माणसाला विचाराल तर तो या आकड्यांपाशी थांबणारच नाही, तो तुम्हाला ३१ ऑक्टोबर १९८७ सांगेल. विश्वचषक, नागपूर, व्हीसीएचं मैदान, समोर न्यूझीलंड. बडनेरा स्टेशनवरून त्या दिवशी नागपूरकडे जाणाऱ्या गाडीत दरवाजाला लटकायलाही जागा नव्हती, असं आमचे मामा सांगायचे. मामा त्या लटकलेल्यांत होते. डबा दोन्ही वेळचा. मेथीचे पराठे, ठेचा, आणि नागपूरला जाताना कुणी नेत नाही ती गोष्ट, म्हणजे संत्री. मोर्शीकडची संत्री नागपूरच्या संत्र्यांपेक्षा सरस असतात हे तिथल्या लोकांना पटवून देण्यासाठी.

त्या दिवशी चेतन शर्माने तीन चेंडूंत तीन त्रिफळे उडवले. विश्वचषकातली पहिली हॅट्ट्रिक. मग ताप अंगात असलेला गावसकर सलामीला आला आणि अठ्ठ्याऐंशी चेंडूंत नाबाद एकशे तीन करून गेला. चॅटफिल्डच्या एका षटकात लागोपाठ दोन षटकार आणि दोन चौकार! एकशे आठ एकदिवसीय सामन्यांतलं हे त्याचं एकमेव शतक. वय अडतीस. मामा परत आले तेव्हा त्यांचा घसा बसलेला होता. पुढचे चार दिवस ते खुणांनीच बोलत होते आणि त्या चार दिवसांत घरात जी शांतता होती तिची आठवण मामी नंतर पुष्कळ वर्षं काढायच्या. पाचव्या दिवशी, ५ नोव्हेंबरला, वानखेडेवर इंग्लंडविरुद्धच्या उपांत्य सामन्यात गावसकर चार धावांवर त्रिफळाचीत झाला. तो त्याचा शेवटचा सामना. मामांचा आवाज नेमका त्याच दिवशी परत आला होता, त्यामुळे त्यांना काय वाटलं ते अख्ख्या गल्लीला कळलं.

म्हणजे नागपूरला ज्याने अठ्ठ्याऐंशी चेंडूंत एकशे तीन केले, तो हाच गावसकर. आणि ७ जून १९७५ ला लॉर्ड्सवर पहिल्या विश्वचषकाच्या पहिल्याच दिवशी साठ षटकं खेळून, एकशे चौऱ्याहत्तर चेंडू खाऊन नाबाद छत्तीसवर परत आला, तोही हाच. इंग्लंडने तीनशे चौतीस केल्या होत्या. गावसकरने एक चौकार मारला. कुणी एक प्रेक्षक वैतागून मैदानात घुसला आणि आपला जेवणाचा डबा त्याच्या पायाशी नेऊन ठेवला, असं सांगतात. आमच्याकडे ही गोष्ट सांगताना डब्यात काय होतं तेही सांगितलं जातं, पण त्यावर विश्वास ठेवू नये.

आता बघा. २८ डिसेंबर २०२४, मेलबर्न. ऋषभ पंत वेगवान गोलंदाजाला मागच्या बाजूला उचलायला जाऊन बाद होतो आणि माइकवर बसलेला पंचाहत्तर वर्षांचा गावसकर ओरडतो, "स्टुपिड! स्टुपिड! स्टुपिड!" तीनदा. देशभर गाजलं ते. आमच्या मामांनी लगेच, वयाची ऐंशी ओलांडली असताना, खुर्चीतून उठून टीव्हीला उत्तर दिलं, "तू तं बोलूच नको बावा, छत्तीस करून आला होता तू!"

मामांचं म्हणणं चुकीचं आहे असं मी म्हणणार नाही, पण मला ते उलट बाजूने पटतं. छत्तीस केले म्हणूनच तो बोलू शकतो. ज्या माणसाने एका सामन्यात धावाच काढल्या नाहीत आणि दुसऱ्या सामन्यात अंगात ताप असताना धावांचा पाऊस पाडला, त्याला फलंदाजाच्या डोक्यात कोणकोणती भुतं नाचतात हे ठाऊक आहे. आणि पुढे सहाच महिन्यांत, जून २०२५ मध्ये लीड्सला, त्याच पंतने षटकार मारून शतक केलं आणि हातमोजे घातलेल्या हातांवर कोलांटी मारली, तेव्हा हाच आवाज "सुपर्ब! सुपर्ब! सुपर्ब!" म्हणाला. तीनदाच. हिशोब चुकता. दुसऱ्या डावात पंतने पुन्हा शतक केलं तेव्हा तर वरून गावसकर हाताने खूण करून कोलांटी मागत होता आणि खालून पंत नंतर दाखवतो असं सांगत होता. ते बघून मामा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "म्हातारा सुधरून रायला."

टीव्ही येण्याआधी हे सगळं कानाने व्हायचं. ट्रान्झिस्टर कपाशीच्या बांधावर असायचा, जिनिंगच्या आवारात असायचा, वर्गात दप्तरात असायचा. सेल उतरले की ते उन्हात ठेवायचे, म्हणजे आणखी एखादा तास चालत. वऱ्हाडात उन्हाचा तेवढा एकच फायदा. इंग्रजी समालोचनातलं फक्त नाव आणि आकडा कळायचा. मराठीत बोलायला बाळ ज. पंडित लागले की सेल वाचवायचा विचार बाजूला पडायचा. पंडित स्वतः महाराष्ट्राकडून रणजी खेळलेले. खेळपट्टीवर उभं राहिलं की चेंडू कसा दिसतो हे माहीत असलेला माणूस आपल्या भाषेत सांगतो आहे, हे बांधावर बसलेल्यालाही जाणवायचं. गावसकरचं 'सनी डेज' मराठीत आणलं तेही त्यांनीच. त्यांची भाषा मात्र पुण्याची, स्वच्छ, धुतलेली. ती ऐकून आमच्या गल्लीतली पोरं दिवसभर "उत्कृष्ट क्षेत्ररक्षण" म्हणत हिंडायची आणि संध्याकाळी आई म्हणायची, "बाप्पा, आज हे कोन्या मास्तरच्या तावडीत सापडलं?"

खेळणारा बोलायला लागतो हे झालं. बोलणारा परत खेळायला गेला असं मी एकदाच पाहिलं. २०२३ च्या आयपीएलला जिओसिनेमावर मराठी समालोचन होतं आणि त्यात केदार जाधव बोलत होता. भारताकडून त्र्याहत्तर एकदिवसीय सामने खेळलेला, पण त्या वर्षी कुठल्याच संघात नसलेला. महिनाभर बिचाऱ्याने दुसऱ्यांच्या फटक्यांचं कौतुक केलं. १ मे उजाडला, महाराष्ट्र दिन, आणि बातमी आली की बंगळूरच्या संघातला डेव्हिड विली जखमी झाला म्हणून त्याच्या जागी केदारला घेतलं आहे. माइक ठेवला, बॅट उचलली.

या बातमीने आमच्या ओट्यावर जी खळबळ माजली तिची कल्पना केदारला नसेल. आपण बोलता बोलता एक दिवस आपल्यालाही बोलावणं येऊ शकतं, अशी आशा साठीच्या घरातल्या लोकांत निर्माण झाली. महाराष्ट्रात सरकारी नोकर अठ्ठावन्नला निवृत्त होतो आणि खेळाडू पस्तिसाव्या वर्षी. म्हणजे आमचा माणूस ओट्यावर येतो तेव्हा खेळाडू तेवीस वर्षं आधीपासून बोलतो आहे. एवढी आघाडी भरून काढायची तर मध्ये कुणाला तरी जखमी व्हावं लागणार, हे सगळ्यांनी मान्य केलं. कोण जखमी व्हावं यावर मात्र एकमत झालं नाही.

आता घरातल्या भांडणाकडे येतो, कारण या लेखाचं खरं मूळ तिथे आहे. मी अकोल्याचा, बायको अमरावतीची. लग्नाला आता एवढी वर्षं झाली, तरी सामोपचाराची बोलणी मूर्तिजापूरच्या पुढे सरकलेली नाहीत. कारण ते दोन्हीच्या मध्ये आहे. अमरावतीच्या माणसाशी खेळावर वाद घालायचा म्हणजे तो लगेच हनुमान व्यायाम प्रसारक मंडळावर जातो. १९१४ ची संस्था, आणि १९३६ ला बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी तिथे जाऊन कबड्डी दाखवून आलेली. मी म्हणतो, कृषी विद्यापीठ अकोल्यात आहे. ती म्हणते, नाव कुणाचं आहे? पंजाबराव देशमुखांचं. ते कुठले? मग मी पाणी प्यायला उठतो.

२०२३ मध्येच, केदार परत खेळायला गेला त्याच महिन्यात, १७ मे रोजी धरमशाळेला पंजाब आणि दिल्लीचा सामना होता. पंजाबकडून दोन वऱ्हाडी एकाच संघात. अकोल्याचा अथर्व तायडे आणि अमरावतीचा जितेश शर्मा. दोनशे चौदा करायच्या होत्या. अथर्वने बेचाळीस चेंडूंत पंचावन्न केल्या. धावगती वाढवायची होती म्हणून पंधराव्या षटकानंतर संघाने त्याला बाद न होताच परत बोलावलं. कागदावर 'रिटायर्ड आउट'. धडधाकट माणूस, चेंडू दिसतो आहे, अर्धशतक झालेलं, आणि चालत परत! त्याच्या जागी आला कोण, तर जितेश. आणि जितेश भोपळाही न फोडता परत गेला. पंजाब पंधरा धावांनी हरलं.

आमच्या बैठकीत जे झालं ते असं.

"तुमच्या पोट्ट्यानं बॉल खाल्ले," बायको म्हणाली, "म्हणून आमच्याले आल्या आल्या मारा लागलं."

"अवं, पण आमचा आउट कुठं झाला होता? त्याले हाकलला तुमच्यासाठी!"

"हाकलला म्हणजे काही असंन नं त्यात."

"अन तुमच्यानं येऊन काय केलं? हजेरी लावली?"

त्यावर तिने "पाच लाख" म्हटलं आणि मी गप्प झालो. टीव्हीवर तोपर्यंत जाणकार लोक या निर्णयावर बोलत होते. धावगती, डावपेच, डावखुरा-उजवा. सगळं बरोबर असेल. पण मला जे ऐकायचं होतं ते कुणी सांगत नव्हतं. पंचावन्नवर उभ्या असलेल्या तेवीस वर्षांच्या पोराला परत ये म्हटल्यावर त्या परतीच्या वाटेवर त्याच्या मनात काय चाललं असेल? आणि समोरून त्याची जागा घ्यायला येणारा आपल्याच मुलखातला, बाजूच्या जिल्ह्यातला. दोघं एकमेकांजवळून गेले तेव्हा काही बोलले का? बोलले असतील तर कोणत्या बोलीत? धरमशाळेच्या त्या थंडीत "कसं काय बे" असं काही झालं का?

जितेशने पुढे त्या शून्याची भरपाई केली. २७ मे २०२५ ला लखनौमध्ये बंगळूरचं नेतृत्व करताना तेहेतीस चेंडूंत नाबाद पंच्याऐंशी. सव्वादोनशेच्या वरचं लक्ष्य त्याने असं गाठून दिलं की मला अमरावतीच्या जावयाच्या नात्याने टाळ्या वाजवाव्या लागल्या. आठवड्याने, ३ जूनला, बंगळूरने पहिल्यांदा आयपीएल जिंकलं. त्या रात्री सासरहून आलेले फोन मी घेतले नाहीत.

पण समालोचनासाठी मला ते पंच्याऐंशी नको आहेत. पंच्याऐंशी कुणालाही सांगता येतात, आकडाच बोलतो. मला त्या संध्याकाळचे पंचावन्न आणि शून्य पाहिजेत. लिनेकरकडे त्याचा एकोणपन्नासावा गोल नाही आणि गावसकरकडे छत्तीस आहेत. आमच्या या दोघांनी एकाच दिवशी, एकाच षटकाच्या आगेमागे आपापलं भांडवल गोळा करून ठेवलं आहे. बाकी फक्त भाषेचा प्रश्न आहे.

तो काही छोटा प्रश्न नाही. आपल्याकडे खेळाडू निवृत्त झाला की आधी कोट शिवतो आणि मग बोली सोडतो. माइक हातात आला की माणूस गावाचा राहत नाही. याला अपवाद मी तळेगाव दशासरला पाहिला, शंकरपटात, म्हणजे बैलांच्या शर्यतीत. बैलजोड्या सुटतात, सेकंदांवर निकाल लागतो, धूळ उडते, आणि वर माचाणावर बसलेला माणूस भोंग्यावरून बोलत असतो. मी ऐकला तो स्वतः एके काळचा धुरकरी, म्हणजे जोडी हाकणारा होता. कमरेने साथ सोडली तेव्हा त्याने कासरा ठेवला आणि माइक घेतला. कोणती जोडी कुठे बुजणार, कोणता बैल डावीकडे ओढतो, कुणाच्या धुरकऱ्याने आज शेपटी लवकर पिरगाळली, हे तो जोडी सुटायच्या आधी सांगायचा. आणि कसं सांगायचा! "हे पाहा, उजव्या अंगाचा बैल मालकापेक्षा हुशार हाये, पन त्याचं ऐकते कोन?" मालक बाजूलाच उभा. सगळा पट हसला, मालकही हसला. शर्यतींवरच्या बंदीच्या काळात, म्हणजे २०१४ पासून २०२१ च्या अखेरीपर्यंत, पट नव्हते, तेव्हा हा माणूस लग्नांत पंगतीचं समालोचन करायचा असं ऐकलं. कुणाच्या पानात किती जिलब्या पडल्या याचं. दोन-तीन सोयरिकी त्यामुळे अडचणीत आल्या, पण कला जिवंत राहिली.

असा आवाज मला टीव्हीवर ऐकायचा आहे. फलंदाजाने बाहेरच्या चेंडूला बॅट लावली की "चेंडूचा पाठलाग करण्याचा मोह आवरला नाही" हे ऐकून ऐकून माझे कान पिकले. "अबे, जाते तं जाऊ दे नं त्याले, काहून बोलावून घेतो?" एवढं कुणीतरी म्हणावं. आणि ते म्हणणारा ओट्यावरचा नसावा. ओट्यावर ते रोज म्हटलं जातंच. ज्याने स्वतः तसली बॅट लावून ड्रेसिंग रूममध्ये खालमानेनं बसून पाहिलं आहे, त्याने म्हणावं.

म्हणून अथर्व आणि जितेश या दोघांना माझं सांगणं आहे. अजून पुष्कळ वर्षं खेळा. निवृत्तीची घाई नाही, आम्हीही कुठे जात नाही. पण खेळून झाल्यावर कुणी माइक पुढे केला तर घ्या, दोघांनी मिळून घ्या, आणि 'मले' न् 'तुले' गावी ठेवून जाऊ नका. पहिल्याच दिवशी कुणीतरी धरमशाळेचा विषय काढेल. तेव्हा डावपेच, धावगती असलं काही सांगू नका. पंचावन्नवरून परत येताना काय वाटलं आणि शून्यावर परत जाताना काय वाटलं, तेवढं सांगा. आमच्या घरात तो निकाल अजून लागायचा आहे.